हाय अल्टिट्यूड मोहिमेचं परमिट, फी आणि नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की माझ्या फोनवर ठराविक मेसेज सुरू होतात. "ताई, एव्हरेस्टचं परमिट कसं काढतात?" "मॅडम, आयलंड पीकला काय काय कागद लागतात?" मी नाशिकच्या एका क्लबची कागदपत्रं बघते, माझा दोर-क्रॅम्पॉनपेक्षा (बर्फात चालायला बुटाला लावायचे खिळे) झेरॉक्सवाल्याशी जास्त संबंध येतो, आणि दोन मोहिमांना बेस कॅम्प मॅनेजर म्हणून गेलेय. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. बहुतेक प्रश्न नेपाळचे असतात म्हणून नेपाळ जास्त, भारतातलं शेवटाकडे.

परमिट नक्की कोण देतं? एजन्सी देते ना?

नाही. एजन्सी फक्त काढून आणते. नेपाळमध्ये दोन खिडक्या आहेत. एव्हरेस्ट, ल्होत्से, मनास्लू, अमा दब्लम अशी मोठी म्हणजे एक्स्पिडिशन शिखरं पर्यटन विभागाकडे, म्हणजे काठमांडूतल्या डिपार्टमेंट ऑफ टुरिझमकडे. आणि ज्यांना 'ट्रेकिंग पीक' म्हणतात ती आयलंड पीक, मेरा, लोबुचे ईस्ट वगैरे एनएमएकडे, म्हणजे नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनकडे. 'ट्रेकिंग पीक' हे नाव ऐकून फसू नका, आयलंड पीक ६,१८९ मीटर आहे आणि वरच्या भिंतीवर जुमारिंग करावं लागतं, म्हणजे दोराला क्लॅम्प अडकवून वर सरकायचं, ट्रेकिंगचे बूट घालून कोणी जात नाही.

परदेशी टीमला नेपाळमधल्या रजिस्टर्ड एजन्सीतर्फेच अर्ज करावा लागतो. स्वतः काउंटरवर जाऊन पैसे भरून परमिट घेतो म्हणालात तर होत नाही.

एव्हरेस्टची फी आता किती आहे? गुगलवर तीन वेगळे आकडे दिसतात.

तिन्ही बरोबर असतील, वर्षं वेगळी असतील. २०१४ पर्यंत हिशोब टीमवर होता, सात जणांची टीम असेल तर ७० हजार डॉलर आणि एकटा असेल तर २५ हजार, त्यामुळे अनोळखी लोक एका परमिटवर नावं घालून 'टीम' व्हायचे. २०१५ पासून सरळ माणशी ११ हजार डॉलर झाले. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नेपाळच्या बाजूने नेहमीच्या साउथईस्ट रिजच्या रूटला वसंत ऋतूत माणशी १५ हजार डॉलर. पावसाळ्यानंतरच्या म्हणजे ऑटम सीझनला साडेसात हजार, आणि हिवाळा किंवा पावसाळा असेल तर ३,७५०.

डॉलर ८८ रुपये धरला तर १५ हजाराचे १३ लाख २० हजार होतात. बाकीच्या आठ हजारी शिखरांची फी वसंतात १,८०० होती ती ३ हजार झाली, ऑटमला दीड हजार.

"मग ऑटममध्ये निम्म्या पैशात एव्हरेस्ट करू की" असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. करा ना. पण त्या सीझनला वरपर्यंत दोर लावलेला नसतो, दुसऱ्या टीम नसतात, पावसाळ्याचा बर्फ वर साचलेला असतो, आणि दिवस लहान होत जातात. वाचलेले साडेसात हजार डॉलर दोर लावणाऱ्या शेर्पांच्या पगारात कधी गेले ते कळणार पण नाही.

आपण भारतीय. व्हिसा लागत नाही, मग फीमध्ये पण सवलत असेल ना?

शिखराच्या रॉयल्टीमध्ये, म्हणजे या परमिट फीमध्ये, अजिबात नाही. तिथे जर्मन, जपानी आणि जळगावकर सगळे एकाच रांगेत. नेपाळी नागरिकांसाठी वेगळा दर आहे, एव्हरेस्टला वसंतात दीड लाख नेपाळी रुपये, तो आपल्याला लागू नाही.

सवलत मिळते ती नॅशनल पार्कच्या एंट्रीत. सागरमाथा नॅशनल पार्कला परदेशी माणसाला ३ हजार नेपाळी रुपये आणि सार्क देशातल्यांना दीड हजार, वर १३ टक्के व्हॅट, म्हणजे १,६९५. एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी, हा दर कित्येक वर्षं बांधलेलाच आहे, म्हणजे आपले हजार-अकराशे रुपये. याशिवाय खुंबू पासाङ ल्हामु गावपालिकेची वेगळी पावती असते ती लुक्लाला किंवा मोंजोला फाडतात. तिथे आधी विचारतील तेव्हा 'इंडियन' म्हणून सांगा, नाहीतर पार्कची पावती परदेशी दराने फाडली जाते आणि फाडलेली पावती परत जोडत नाहीत.

फक्त बेस कॅम्पपर्यंत ट्रेक करायचाय. परमिट लागेल?

चढाईचं नाही. वरच्या दोन पावत्या बास. बेस कॅम्पजवळच्या काला पत्थर टेकडीला पण वेगळं काही नाही.

रॉयल्टी भरली की झालं ना? एकूण खर्च किती येतो?

इथेच सगळे गंडतात. रॉयल्टी म्हणजे लग्नाचा हॉल फक्त. पुढे खुंबू आइसफॉलमध्ये शिड्या आणि दोर लावणाऱ्या 'आइसफॉल डॉक्टर'ची फी, वरच्या दोराची वर्गणी, सरकारचा संपर्क अधिकारी, शेर्पाचा पगार, त्याचा बोनस, विमा, ऑक्सिजनच्या बाटल्या, बेस कॅम्पचं किचन, याक, लुक्लाचं विमान. काठमांडूच्या नेपाळी कंपन्यांचं एव्हरेस्टचं पॅकेज साधारण ४० हजार डॉलरच्या आसपास आणि तिथून वर. कोणी फारच स्वस्त दिलं तर आनंदाने उड्या मारायच्या आधी शेर्पा किती, ऑक्सिजनच्या बाटल्या किती आणि कुठल्या कॅम्पला किती, हे लेखी मागा.

आयलंड पीकची गंमत उलटी. रॉयल्टी वसंतात अडीचशे डॉलर होती ती साडेतीनशे झाली, ऑटमला १७५. म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. लुक्लाचं विमान, गाइड, राहणं-खाणं आणि भाड्याचे बूट यातच लाख-दीड लाख सहज जातात.

पैसे नेपाळला पाठवायचे कसे? बँक डॉलर देत नाहीये.

देणारच नाही, बँकेशी भांडू नका. फेमाच्या म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमात नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन घेता येत नाही असं स्पष्ट आहे. अमेरिका, फ्रान्ससाठी जे फॉर्म भरून होतं ते इथे होत नाही. ब्रँचमधल्या माणसाला सुद्धा हे बऱ्याचदा माहीत नसतं, तो आधी हो म्हणतो, फॉर्म भरून घेतो, चार दिवसांनी हेड ऑफिसहून नकार येतो आणि इकडे एजन्सीची तारीख उलटून जाते. आमच्या एका टीमचं नेमकं हेच झालं होतं, सहा जणांचे पैसे अडकले आणि शेवटी सगळं भारतीय रुपयांत बँकेमार्फत केलं, दोन आठवडे गेले.

म्हणून एजन्सीकडून कोटेशन घेतानाच भारतीय रुपयांत घ्या आणि डॉलरचा कुठला दर धरलाय ते त्यात लिहून घ्या. सोबत कॅश नेताना शंभरच्या नोटा जास्त ठेवा, मोठ्या नोटांवर मर्यादा असते आणि वरच्या गावांमध्ये पाचशेची नोट बघून दुकानदार मान हलवतो.

पासपोर्ट लागतो की वोटर आयडी चालतं?

नेपाळमध्ये शिरायला दोन्ही चालतं, आधार कार्ड मात्र मोठ्या माणसांना चालत नाही (१५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना चालतं). पण चढाईच्या अर्जाला सरळ पासपोर्टच द्या.

आणि आता आपला खास मराठी घोळ ऐका. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. काठमांडूतला टायपिस्ट पहिले दोन शब्द उचलतो आणि 'सचिन दत्तात्रय' लिहून मोकळा होतो, त्याच्या मते दत्तात्रय हे आडनाव. मग परमिटवर जाधव गायब. हे नाव पुढे इन्शुरन्सच्या क्लेममध्ये आणि समिटच्या सर्टिफिकेटवर जसंच्या तसं जातं. एका मुलाच्या सर्टिफिकेटवर त्याच्या वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापून आलं, वडील खूश झाले तो भाग वेगळा, पण सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यातल्या अर्जाला ते चालेना. ड्राफ्ट परमिटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. पैसे भरायच्या आधी. नंतर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का.

परमिटवर अजून काय बघायचं असतं?

शिखराचं नाव, रूट, लीडरचं नाव, मेंबरांची यादी, आणि किती दिवस. यापैकी एक जरी वेगळं असेल तर ते परमिट तुमचं नाही असंच समजा.

लोक विचारतात, एव्हरेस्टच्या परमिटवर ल्होत्से करता येईल का, रस्ता तर बराचसा एकच आहे. रस्ता एक आहे, पण ल्होत्सेचं परमिट आणि फी वेगळी. "एवढं वर आलोच आहोत तर" हा शब्दप्रयोग तिथे चालत नाही.

आपल्या इथलंच उदाहरण बघा. २०१९ मध्ये उत्तराखंडात नंदादेवी ईस्टची परवानगी घेतलेल्या परदेशी टीममधले आठ जण हिमस्खलनात गेले, ते त्या वेळी बाजूच्या एका निनावी ६,४७७ मीटरच्या शिखरावर होते. शोधकार्य सुरू असतानाच परवानगी कुठल्या शिखराची होती हा प्रश्न प्रशासनाने काढला होता.

मुदत किती असते?

एव्हरेस्टला आधी ७५ दिवस मिळायचे, नव्या नियमात ५५. त्यामुळे तारखा लावताना जरा डोकं लावा, एप्रिलच्या सुरुवातीला बेस कॅम्प आणि मे अखेर परत असं ५५ मध्ये बसतं. पण आधी लोबुचे करून अ‍ॅक्लमटाइज होऊ (उंचीची सवय करू), मग एव्हरेस्ट, असा प्लॅन असेल तर लोबुचेचं एनएमए परमिट वेगळं हे विसरू नका.

शेर्पा न घेता एकट्याने गेलो तर?

नेपाळमध्ये एकट्याने चढाईला बंदी आहे, डिसेंबर २०१७ पासून. त्याच वेळी दोन्ही पाय गमावलेल्या आणि दृष्टिहीन गिर्यारोहकांवर पण बंदी घातली होती, ती तिथल्या सुप्रीम कोर्टाने रोखली, आणि २०२३ मध्ये गुडघ्यावरून दोन्ही पाय नसलेले माजी गुरखा सैनिक हरी बुढा मगर एव्हरेस्टवर जाऊन आले. बंदी घालणाऱ्यांनी फॉर्ममधला रकाना बघितला होता, माणूस नाही, असं माझं मत.

आता आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरांना दोन क्लाइंबरमागे किमान एक गाइड कंपल्सरी आहे. "आम्ही पाच जण दोन शेर्पा घेऊ" हे गणित बंद, पाचला तीन लागतील.

वयाची अट? माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कोकणकडा चढलाय.

कौतुक आहे. पण सोळा पूर्ण लागतात. तिबेटच्या बाजूने तर अठरा. वर्षभर थांबा, तोवर बेसिक कोर्सची चौकशी करून ठेवा.

आधीचा अनुभव दाखवावा लागतो का? सह्याद्रीतले शंभर किल्ले झालेत.

सह्याद्रीने दम तयार होतो, डोंगराची समज येते, यात वादच नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि एव्हरेस्टचा बेस कॅम्पच ५,३०० च्या वर. बर्फात पाय कसा रोवायचा, घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला कसं थांबवायचं, हे हरिश्चंद्रगडावर शिकता येत नाही.

उत्तरकाशीचं निम, दार्जिलिंगचं एचएमआय, मनालीचं संस्थान या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था, इथला बेसिक कोर्स साधारण महिनाभराचा. 'ए' ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्सला जाता येतं. या कोर्सच्या तारखा भरायला वेळ लागत नाही त्यामुळे नोकरीवाल्यांनी रजेचं आधी बघा.

नियमाचं म्हणाल तर २०२५ मध्ये नेपाळच्या संसदेत मांडलेल्या पर्यटन विधेयकात एव्हरेस्टसाठी आधी नेपाळमधलं एखादं सात हजारी शिखर केलेलं असावं अशी अट आहे. मला ही अट पटते, फक्त 'नेपाळमधलंच' हा भाग पटत नाही. आपल्याकडे कामेट आहे, नून-कुन आहे, तिथे घाम गाळलेल्याने तिकडे जाऊन परत डॉलर का मोजावेत?

कचऱ्याचं डिपॉझिट परत मिळतं का?

२०१४ पासून एव्हरेस्टला टीममागे ४ हजार डॉलर डिपॉझिट आणि प्रत्येक क्लाइंबरने आठ किलो कचरा खाली आणायचा अशी पद्धत आहे. बेस कॅम्पला कचरा एसपीसीसीकडे द्यायचा, म्हणजे सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती, ते वजन करतात, कागद देतात, तो कागद काठमांडूत दाखवला की डिपॉझिट सुटतं.

वजन कसं करतात ते मी जवळून बघितलंय. ताणकाट्याला पोतं लटकवलं, सात किलो सहाशे. आमच्या एका पठ्ठ्याने इकडे तिकडे बघून त्यात स्वतःचे ओले मोजे सरकवले. काटेवाल्या दाजूने (नेपाळीत दादा) न बोलता पोत्यात हात घालून मोजे बाहेर काढले, झटकले, याच्या खांद्यावर ठेवले आणि परत काट्याकडे बोट दाखवलं. मग हा गेला आणि किचन टेंटच्या मागून गोठलेल्या दुधाचे दोन डबे घेऊन आला.

यातच या नियमाची खरी मेख आहे बघा. कचरा वजनावर मोजतात, कुठून आणला यावर नाही. मग लोक खालच्या कॅम्पचा कचरा भरून आठ किलो करतात आणि वर साउथ कोलला, म्हणजे शेवटच्या कॅम्पला, फाटलेले तंबू तसेच राहतात. २०२५ च्या शेवटी हे डिपॉझिट बंद करून त्याऐवजी परत न मिळणारी फी घ्यायचं नेपाळ सरकारचं चाललंय अशा बातम्या आल्या, म्हणून कोटेशनमध्ये ही रक्कम 'रिफंडेबल' लिहिलीय का ते बघूनच सही करा.

शौचाच्या पिशव्या खरंच न्याव्या लागतात?

हो, हसू नका. २०२४ पासून तिथल्या गावपालिकेने सक्ती केलीय. पिशवीत पावडर असते, मैला घट्ट होतो, वास कमी होतो, वापरलेली पिशवी खाली आणायची. वर थंडीत काही कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून असतं आणि पाणी करायला बर्फ त्याच बाजूचा घ्यावा लागतो, एवढं कळलं की हसू थांबतं. त्याच वर्षीपासून जॅकेटमध्ये रेको ट्रॅकर पण सक्तीचा झालाय, तो बॅटरीशिवाय चालतो, बर्फाखाली माणूस शोधायला उपयोगी.

संपर्क अधिकारी म्हणजे काय? तो आपल्याबरोबर चढतो का?

नाही. एलओ म्हणजे लिएझन ऑफिसर, हा सरकारचा माणूस, टीम नियम पाळते का हे बघायला. त्याचा भत्ता, कपडे, प्रवास टीमच्या खर्चाने. कागदावर तो बेस कॅम्पला असतो. प्रत्यक्षात बरेच जण काठमांडूतच असतात ही जुनी तक्रार आहे, नेपाळी पेपरमध्ये पण छापून येते. तरी त्याच्याशी नीट वागा. सर्टिफिकेटच्या वेळी त्याचा रिपोर्ट लागतो.

नेपाळने काही शिखरं फुकट केलीत असं ऐकलं, खरंय?

खरंय. २०२५ मध्ये कर्णाली आणि सुदूरपश्चिम या प्रांतांतल्या ९७ शिखरांची रॉयल्टी दोन वर्षांसाठी माफ केली, त्यात ७,१३२ मीटरचं अपी पण आहे. पश्चिम नेपाळ, आपल्या पिथौरागडच्या पलीकडचा भाग. पण फुकट का केलं ते बघा ना, तिकडे लोक जातच नाहीत, लॉज नाहीत, रस्ते कच्चे, हेलिकॉप्टर लांबून येणार. ज्या क्लबला स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचे दोर आणि नकाशा वाचणारी दोन माणसं आहेत त्यांनी नक्की विचार करावा. मला तर गर्दीतल्या एव्हरेस्टपेक्षा हे जास्त खुणावतं.

गार्मिन किंवा सॅटेलाइट फोन नेऊ का?

भारतातून नेताना जपून, अगदी जपून. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे आणि गार्मिन इनरीचसारखं मेसेज पाठवणारं छोटं यंत्र पण त्यातच धरतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच कारणावरून ताब्यात घेतलं होतं, बॅग स्कॅनरमध्ये दिसलं आणि पुढचं विमान गेलं. परदेशातल्या मराठी मंडळींनो, तुमच्या सॅकला कायम लटकलेलं असतं ते, मुंबईत उतरायच्या आधी आठवा.

नेपाळमध्ये पण सॅटेलाइट फोनला वेगळी परवानगी काढावी लागते, एजन्सीचाच वापरा. ड्रोनला विमान प्राधिकरण आणि नॅशनल पार्क दोघांचीही परवानगी लागते, लग्नाचं शूटिंग नाहीये ते.

इन्शुरन्स कुठला घ्यायचा?

कंपनी सांगत नाही, काय वाचायचं ते सांगते. ट्रॅव्हल पॉलिसीत 'गिर्यारोहण वगळून' अशी ओळ बहुतेक वेळा असते, आणि उंचीची मर्यादा असते. तुमच्या शिखराची उंची आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू, दोन्ही लेखी कव्हर हवं. शेर्पा आणि किचनवाल्यांचा विमा पण नियमाने काढावाच लागतो, त्याची कॉपी मागा, न मागता कोणी देत नाही.

आणि जरा डोकं दुखलं की "हेलिकॉप्टर बोलावतो, इन्शुरन्स आहे ना" म्हणणारा भेटला तर सावध व्हा. गरज नसताना लोकांना उडवून बिलं फुगवायचा धंदा एवढा वाढला होता की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली.

मोहीम रद्द झाली तर फी परत मिळते?

नाही. पैसे परत नाहीत. फार तर मुदत वाढते, ती पण फार मोठी आपत्ती आली तरच. २०१४ च्या आइसफॉलमधल्या हिमस्खलनानंतर त्या वर्षीची परमिटं पाच वर्षं वापरू दिली, २०१५ च्या भूकंपानंतर दोन वर्षं. तुमचा पाय मुरगळला, बॉसने रजा दिली नाही, याला काही नाही.

समिटचं सर्टिफिकेट कसं मिळतं? फोटो नसेल तर?

फोटो नसेल तर अवघड आहे. शिखरावरचा चेहरा दिसणारा फोटो, लीडरचा, गाइडचा आणि एलओचा रिपोर्ट, हे सगळं लागतं. मास्क-गॉगल लावलेला फोटो कुणाचाही असू शकतो, म्हणून वीस सेकंद मास्क खाली घ्या आणि मागे ओळखीची शिखरं दिसू द्या.

हे कडक का झालं त्यात आपला पण हात आहे. २०१६ मध्ये पुण्याच्या एका पोलीस दाम्पत्याने एव्हरेस्ट केल्याचं जाहीर केलं, सत्कार झाले, नेपाळने सर्टिफिकेट पण दिलं. मग बेंगळुरूच्या एका गिर्यारोहकाने ओळखलं की फोटो त्याचे आहेत, चेहरे बदललेत. नेपाळने सर्टिफिकेट रद्द करून दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी नोकरी गेली. त्यानंतर कित्येक दिवस काठमांडूत 'फ्रॉम पुणे' म्हटलं की समोरचा फोटो जरा जास्तच निरखून बघायचा. १९९८ मध्ये तिबेटच्या बाजूने वर गेलेले सुरेंद्र चव्हाण पुण्याचेच, २०१२ मध्ये गिरिप्रेमीचे आठ जण एकाच दिवशी वर पोचले ते पण पुण्याचेच, पण लक्षात राहते ती बनवाबनवी.

मनास्लूला वेगळं काही?

दोन गोष्टी. एक, तो भाग रिस्ट्रिक्टेड आहे, त्याचं वेगळं परमिट, सप्टेंबर ते नोव्हेंबर पहिल्या आठवड्याला १०० डॉलर आणि पुढे दिवसाला १५. दुसरी, खरं शिखर. वर्षानुवर्षं बरेच लोक अलीकडच्या टोकावरून परत यायचे, २०२१ मध्ये ड्रोनच्या फोटोत ते उघड दिसलं. आता शेवटचा कंगोरा ओलांडून ८,१६३ च्या खऱ्या टोकावर गेलात तरच धरतात. तुमच्या शेर्पाशी हे बेस कॅम्पलाच बोलून घ्या.

आणि भारतातल्या शिखरांचं काय?

इथे खिडकी म्हणजे दिल्लीची आयएमएफ, इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन. शिखर बुक करायचं, टीमची यादी, लीडरचे कोर्सचे दाखले, मेडिकल. नेपाळच्या मानाने पैसे किरकोळ, धावपळ भरपूर, कारण आयएमएफशिवाय वनखातं, जिल्हा प्रशासन आणि सीमेजवळ असेल तर इनर लाइन परमिट, असे तीन-चार दरवाजे वाजवावे लागतात. गंगोत्रीच्या वर जाणार असाल तर उत्तरकाशीच्या वनखात्याचा पास आधी, गोमुखला दिवसाला दीडशेच माणसं सोडतात. लडाखसाठी आयएमएफचं लेहला ऑफिस आहे.

बंद काय आहे ते पण माहीत असू दे. नंदादेवीचं अभयारण्य १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद. कांचनजंगा सिक्कीमच्या बाजूने बंद, तिथल्या लोकांसाठी ते पवित्र आहे, चढायचं तर नेपाळकडून. आणि स्टोक कांगरी २०२० पासून बंद केलं, माणसांच्या लोंढ्याने पाण्याचे हाल झाले म्हणून. "एक ओळखीचा आहे, रात्रीत नेऊन आणतो" असं लेहच्या बाजारात कोणी म्हणालं तर नमस्कार करून पुढे जा.

परमिटची ओरिजिनल कोणाकडे ठेवायची?

लीडरकडे. डिपार्टमेंटला ब्रीफिंग असतं त्याला लीडरने स्वतः जायचं, एजन्सीच्या पोराला पाठवायचं नाही. प्रत्येक मेंबरकडे एक झेरॉक्स, एक फोटो मोबाइलमध्ये, पासपोर्ट साइज फोटो आठ-दहा जादा.

आणि हे कागद डफल बॅगमध्ये टाकू नका. लुक्लाच्या विमानात माणशी पंधरा किलो, सीझनला ते विमान बऱ्याचदा काठमांडूहून नाही तर रामेछापहून सुटतं, रात्री दोनला उठून गाडीने चार-पाच तास, आणि वजन जास्त झालं की डफल नंतरच्या फेरीत येते. आमची तिसऱ्या दिवशी आली होती. मोंजोच्या गेटवर मी दीड तास बाकावर बसले होते, परमिट त्याच डफलमध्ये होतं.